पासंग

हॉस्पिटलच्या काट्यावर चढण्याआधी मी खाली वाकून त्याच्या मागचा शिक्का बघितला. सवय, दुसरं काय. वाकताना धाप लागली, पण बघितला. पडताळणीची मुदत संपून चौदा महिने झाले होते.

"सिस्टर, हा काटा चालणार नाही," मी म्हणालो.

"चालतोय की. सकाळपासून सात पेशंट केले."

"तसा चालतो. कायद्यानं चालणार नाही. शिक्का जुना आहे."

सिस्टरनं मला वरून खालपर्यंत बघितलं. तेवढं बघायला तिला जरा वेळच लागला. "काका, उद्या सकाळी सातला तुमचं ऑपरेशन आहे. चढताय, की डॉक्टरांना बोलावू?"

मी चढलो. "एकशे अडतीस पॉइंट सात!" ती पलीकडे कागद लिहिणाऱ्या बाईला ओरडून म्हणाली. बाईला एकदा ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा ओरडली. बाकड्यावर बसलेल्या दहा-बारा जणांना मात्र पहिल्यांदाच ऐकू गेलं होतं.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. किराणा दुकानातल्या तागडीपासून साखर कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत सगळं तपासायचं, बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर खटला भरायचा, हे माझं काम. बाजारात मी शिरलो की दुकानदार हळूच काट्याखालचा खडा काढून खिशात टाकायचे. पंचवीस वर्षांत खोट्या मापावर मी एकदाही शिक्का मारला नाही. पण माझं स्वतःचं वजन किती, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. घरात काटाच ठेवला नव्हता.

ऑपरेशनचं ठरलं ते एका कारखान्यावर. उसाच्या गाड्या तोलायचा मोठा काटा तपासत होतो. आकडा शून्यावर येईना. मी कारखान्याच्या माणसांवर खेकसलो, यंत्र उघडायला लावलं, अर्धा तास सगळ्यांना उन्हात उभं केलं. शेवटी एक बैलगाडीवाला अगदी अदबीनं म्हणाला, "साहेब, तुम्ही तेवढं खाली उतरता का? म्हंजे येईल शून्यावर." मी उतरलो. शून्य आलं. लोक हसले नाहीत, तोंड फिरवून खोकले. त्याच आठवड्यात मी कोल्हापुरात डॉक्टर वर्तकांकडे गेलो.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पोटाचा वरचा अंड्याएवढा भाग वेगळा करायचा आणि आतडं खालून आणून त्याला जोडायचं. बाकीचं पोट आत असेल, पण बिनकामाचं. "आमच्या खात्यात असे बरेच आहेत," मी म्हणालो. डॉक्टर हसले नाहीत.

"सासने, दोन गोष्टी जन्मभर लक्षात ठेवायच्या. जेवण वाटीभर. आणि गोड बंद. साखर, गूळ एकदम आत गेला की घाम फुटेल, छाती धडधडेल, हातपाय कापतील. मरणार नाही, पण मेलो असं वाटेल."

घरी फक्त माझी बायको सुवर्णा हिला खरं सांगितलं. ऑफिसात आणि गावाकडे आईला सांगितलं, पित्ताचे खडे आहेत. पोट मोठं झालं म्हणून कापून घेतलं, हे सांगायची लाज वाटत होती. त्यातून आईला तर कसं सांगायचं? ते पोट तिनंच भरलं होतं.

माझी आई, हौसाबाई, खुटाळवाडीत एकटी राहायची. मी सहा वर्षांचा असताना वडील गेले. तेव्हापासून तिला एकच काम. बाबूला वाढायचं. चौथी भाकरी मी नको म्हणालो की "अर्धी घे की रं," आणि अर्धी म्हणून टाकलेली अख्खी निघायची. ती स्वतः कधी जेवायची, हे मी कधी बघितलं नाही. "माजं झालं," एवढंच ऐकायचो. अंगानं इतकी किरकोळ की वारा आला तर पदर नव्हे, बाईच उडेल. आम्ही दोघं वाटेनं निघालो की गावातले लोक म्हणायचे, "हौसाबाई लेकाच्या पासंगालाबी पुरायची न्हाई."

पासंग म्हणजे काय, हे आता नव्या माणसांना सांगावं लागतं. रिकाम्या तराजूची दोन्ही पारडी समान राहत नसली की हलक्या बाजूला खडा, खिळा, चिंधी काहीतरी बांधतात. तो पासंग. आमच्या कायद्यात गुन्हा आहे. मी असे शेकडो खडे जप्त केलेत.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर पहिलं जेवण मिळालं ते खोकल्याच्या औषधाला असतं तसल्या झाकणातून पाणी. तीस मिली. दर पाव तासाला एक झाकण. मी झाकणावरची रेघ डोळ्यांजवळ धरून बघितली.

"काय बघताय?" सुवर्णानं विचारलं.

"रेघ दोन मिलीनं खाली आहे."

"देवा," ती म्हणाली, "पोट बदललं, पण माणूस तोच राहिला."

तेवढ्यात आईचा फोन आला. "बाबू, कसं हाय रं पित्त?"

"निघालं सगळं. बरा आहे."

"वाघजाईला नवस बोलले हुते. तुला टेबलावर घेतला न्हवं, तवाच बोलले. पोर धड घरला यीऊ दे, तेच्या वजनायेवढा गूळ वाटीन. तुला करीन देवळात, समद्या गावाच्या म्होरं."

माझ्या हातातलं झाकण सांडलं. तुला म्हणजे मला तराजूच्या एका पारड्यात बसवणार, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा ठेवणार आणि अख्खं गाव आकडा बघणार. ज्या आकड्यापासून पळण्यासाठी मी पोट कापून घेतलं, तोच आकडा आईनं देवीला कबूल केला होता.

"बघू नंतर," मी म्हणालो.

"बघू काय? नवस हाय त्यो."

मी तो लांबवला. खात्यात पंचवीस वर्षं काढणाऱ्याला लांबवणं शिकवावं लागत नाही.

पुढचे महिने मोजण्यात गेले. आधी नुसतं पाणी, मग डाळीचं वरचं पाणी, मग मिक्सरमधून काढलेलं जेवण, ज्यात वांगं कुठलं आणि भात कुठला ते जिभेला कळायचं नाही. चार चमचे झाले की गळ्यापर्यंत आल्यासारखं व्हायचं. पाचवा चमचा हट्टानं घेतला की तो परत यायचा. डॉक्टरांना दर आठवड्याला वजन कळवायचं होतं, म्हणून घरात पहिल्यांदा काटा आणला. ऑफिसची प्रमाण वजनं ठेवून तो तपासला, शिक्का मारला, मगच त्यावर चढलो. तिसऱ्या महिन्यात केस गळू लागले आणि नाडीची विजार घ्यावी लागली. त्याच महिन्यात शेजारच्यांच्या सत्यनारायणाचा प्रसाद नाकारता येईना म्हणून दोन घास शिरा खाल्ला. दहा मिनिटांत अंग घामानं थबथबलं, छातीत ढोल वाजायला लागला, हात लटलट कापायला लागले. अर्धा तास पलंगावर पडून होतो. डॉक्टरांनी सांगितलेलं मरण ते हेच.

आणि लोक. वीस वर्षं जे लोक मला "साहेब, वजनाचं काहीतरी करा" म्हणत होते, तेच आता हळू आवाजात विचारायला लागले, "काय निघालं हो? लवकर कळलं का?" एका तेलाच्या व्यापाऱ्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. "साहेब, आमच्या मेव्हण्याचंही असंच झालं होतं," तो म्हणाला. मेव्हण्याचं पुढे काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, पण डोळे पुसले. ऑफिसातल्यांनी माझी जागा कुणाला मिळणार यावर चर्चाही सुरू केली होती. जाडा होतो तेव्हा हसायचे, आता रडत होते. मला हसणारेच बरे वाटू लागले.

दिवाळीला गावी गेलो. आईनं दारातच मला बघितलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला.

"काय केलंस रं माज्या पोराचं?" हे ती मला नाही, सुवर्णाला म्हणाली.

"आत्ती, मी काय केलं?"

"हाडं दिसायला लागली तेची! खायाला घालतीस का न्हाई?"

माझी हाडं दिसायला अजून बराच अवकाश होता. तेव्हाही मी शंभराच्या वर होतो. पण आईच्या डोळ्यांना मी उपाशी दिसत होतो. रात्रीच्या जेवणाला तिनं ताट भरलं आणि मी पाव भाकरीवर हात धुतला तेव्हा तिचा चेहरा उतरला. मग तिला कारण सापडलं. "नवस फेडला न्हाई म्हणून हाय हे! देवी रोज थोडा-थोडा घिऊन चाललीया तुला. गूळ दिला न्हाईस, तर ती तुज्यातनंच वसूल करतीया!"

आकडे तिच्या बाजूनं होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर चुलीपुढे सासू-सुना गप्प बसल्या होत्या. सुवर्णाचे डोळे सुजले होते. रात्री बोलाचाली झाली असणार, मी समजलो. पण त्या दिवसापासून आईनं मला आग्रह केला नाही. वाढताना तिचा हात आखडायचा, डावेत घेतलेली आमटी निम्मी परत जायची. करंज्यांचा डबा तर तिनं माझ्यापुढे आणलाच नाही. देवीच्या धाकानं घाबरली असेल असं मला वाटलं.

नवसाचं मात्र तिनं सोडलं नाही. "पौषाच्या पुनवंला. आता न्हाई म्हणायचं न्हाई." मी न्हाई म्हणालो नाही.

पौष पौर्णिमेला गावात शिरतो तोच वेशीवर आठ फुटांचा फ्लेक्स. 'नवसपूर्ती सोहळा'. वर सरपंच युवराज घोटणे यांचा हात जोडलेला फोटो, खाली माझा. माझा फोटो पाच वर्षांपूर्वीचा होता, फ्लेक्सची रुंदी त्याला पुरली नव्हती, एक कान बाहेर गेला होता. लोक फ्लेक्सकडे बघत, मग माझ्याकडे बघत, मग चुकचुकत.

देवळात तुळईला मोठा लाकडी तराजू टांगला होता. पारडी पाळण्याएवढी. मी जवळ गेलो आणि हात मागे बांधून बघू लागलो. एका बाजूला साखळीत फुटकी घंटा अडकवली होती.

"तुका, हे काय?" मी गुरवाला विचारलं.

"पासंग, साहेब. दांडी जरा वाकडी हाय."

"हा गुन्हा आहे. शिक्का कधीचा?"

"देवीच्या काट्याला शिक्का कोण मारणार?" तुका गुरव म्हणाला. "तुमी बसा. पाय वर घ्या."

मी बसलो. हलगी वाजायला लागली. दुसऱ्या पारड्यात तुका दहा-दहा किलोच्या ढेपा ठेवू लागला. एक, दोन, तीन. लोक मोठ्यानं मोजत होते. मी डोळे मिटले होते. शाळेत दरवर्षी वजन करायचे तेव्हाही मी असेच डोळे मिटायचो. नवव्या ढेपेला माझे पाय हलले, दहावी फोडून तिचे तुकडे टाकले, आणि काटा मधोमध आला. सत्त्याण्णव किलो आणि वर थोडं. घरच्या काट्याशी जुळत होतं. एवढंच ना, असं वाटून माझा जीव भांड्यात पडला.

"तुला पुरी झाली!" सरपंच ओरडला. "बोला वाघजाईच्या नावानं..."

"थांबा," आई म्हणाली.

ती पुढे आली. डोक्यावर पदर, हातात हळदीकुंकवाचं ताट. "ही आजची भरती झाली. म्या नवस बोलले त्या दिसाची कुठाय?"

"मावशी, आजचंच वजन धरत्यात," सरपंच म्हणाला. त्याला भाषण करायचं होतं.

"का धरत्यात? बोलले तवा जेवढा हुता, तेवढा गूळ. कमी दिला तर देवीला काटा मारल्यासारखं हुईल. आन् माजा पोरगा तर काटा मारणाऱ्यास्नी धरतो." ती माझ्याकडे वळली. "बाबू, त्या दिशी किती भरला हुतास? तुज्या तोंडानं सांग."

हलगी थांबली. तीनशे-चारशे माणसं असतील. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांना विचारत आलो होतो, "खरं माप किती?" आणि दुकानदार असेच जमिनीकडे बघत. त्यांना काय वाटत असेल, ते मला तेव्हा समजलं. कानशिलं तापली. शंभर म्हणावं, एकशे दहा म्हणावं, कुणाला कळणार होतं?

"एकशे अडतीस किलो," मी म्हणालो. "सातशे ग्रॅम."

कुणीतरी शिट्टी वाजवली. मागून एक जण म्हणाला, "सातशे ग्रॅम सोडलं असतं तरी चाललं असतं की!" सगळं देऊळ हसलं. आश्चर्य म्हणजे मीही हसलो. चाळीस वर्षं पोटात धरलेला आकडा बाहेर पडला होता, आणि छत कोसळलं नव्हतं.

तुकानं ढेपा वाढवल्या. गुळाचं पारडं धाडकन खाली गेलं आणि मी सत्त्याण्णव किलोचा माणूस हवेत. पाय लोंबकळताहेत, दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या आहेत. बायका तोंडाला पदर लावून हसताहेत.

"आता?" सरपंचानं विचारलं. "हे समान कसं करायचं?"

"दगूड ठेवा," कुणीतरी म्हणालं.

"दगूड चालत न्हाई," तुका गुरव म्हणाला. "पारडं समान झाल्याबिगर नवस पोचत न्हाई, आन् गेलेल्या वजनाजागी दगूड ठेवला तर त्यो दगडाचा नवस हुईल. घरचं माणूस पायजे. रक्ताचं."

आईनं ताट सुवर्णाच्या हातात दिलं. "मला उचला."

सुवर्णानं आणि गुरवाच्या बायकोनं तिला उचललं. उचलायला लागलंच काय. माझ्या पारड्यात, माझ्याशेजारी, पाय पोटाशी घेऊन ती बसली. पारडं हळूहळू खाली येऊ लागलं. गुळाची बाजू वर उठली. लोक मोजायचे थांबले होते. काटा मध्यापाशी आला आणि नखाएवढा अलीकडे राहिला. तुकानं आमच्या मांडीवर एक नारळ ठेवला. काटा मधोमध.

मी हिशोब करत होतो. एकशे अडतीस पॉइंट सात वजा सत्त्याण्णव पॉइंट दोन. अर्धा किलो नारळ सोडला तर बरोबर एकेचाळीस. नऊ महिन्यांत मी जेवढा कमी झालो, तेवढीच माझी आई होती. सगळी मिळून. पदरासकट.

"बाबू," ती कानाशी म्हणाली. आमचे पाय जमिनीला टेकले नव्हते. "देवीम्होरं हाईस. खरं सांग. पित्तच हुतं न्हवं?"

मी तिच्याकडे बघितलं. मनगट माझ्या अंगठ्यापेक्षा थोडंसंच जाड. हाच हात मला रोज चौथी भाकरी वाढायचा.

"पित्तच होतं, आई," मी म्हणालो. खोट्या मापावर मी मारलेला तेवढा एकच शिक्का.

"मग बास," ती म्हणाली.

तेवढ्यात तुका गुरवानं गुळाचा लिंबाएवढा खडा उचलला. "आ करा साहेब, पयला परसाद नवसकऱ्याला!" आईनं त्याचं मनगट धरलं. "तेवढा नगं, तुका. चिमूटभर दे," ती म्हणाली, पण हलगी पुन्हा सुरू झाली होती आणि खडा माझ्या तोंडात गेला होता. देवीपुढे थुंकणार कसा? गिळला.

आम्हाला पारड्यातून उतरवलं, आई बायकांत जाऊन बसली, मला पुढे फरशीवर बसवलं आणि दहा मिनिटं सरपंचाचं भाषण चाललं. माझ्या 'दुर्धर आजारावरच्या विजया'वर तो आला आणि माझ्या कपाळावर घाम फुटला. मग पाठीवर. मग छातीत धडधड. हात कापू लागले, मान हलायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मांडी घालून बसल्या जागी डुलायला लागलो.

"वारं आलं!" एक म्हातारी किंचाळली. "बाबासोच्या अंगात वाघजाई आली!"

हलगीवाल्यानं ठेका दुप्पट केला. कुणी माझ्या कपाळाला भंडारा फासला. एकीनं पायावर डोकं ठेवून विचारलं, लेकीचं लग्न कधी जुळंल? दुसरा म्हणाला, बदली हुईल का? कुणीतरी पाण्याचा तांब्या तोंडाशी आणला. मळमळत होतं म्हणून मी हात झटकून ओरडलो, "पाणी नको! पाणी नको!"

"ऐका!" सरपंच युवराज हात वर करून म्हणाला. नळयोजना तीन वर्षं रखडली म्हणून लोक त्याच्या मागे लागले होते. "देवीच म्हणतीया पाणी नको! आता तरी गप्प बसाल का न्हाई?"

तेवढ्यात गर्दी फोडून आई आली. एकेचाळीस किलोची बाई, पण तिनं सरपंचाला बाजूला ढकललं ते मी त्याही अवस्थेत बघितलं.

"वारं न्हाई, काय न्हाई! सरा बाजूला! तेला गोड सोसत न्हाई! तेचं पोट लहान केलंया डाक्टरनं, गूळ पडला की आसं हुतं! अर्धा तास आडवा पडू दे, मग ऱ्हाईल!"

हलगी बंद पडली. मी मंडपाच्या फरशीवर आडवा झालो, तिच्या मांडीवर डोकं ठेवून. पित्ताच्या माणसाला गूळ चालतो. ती हे जे बोलली, ते पित्ताचं नव्हतं.

घरी आल्यावर मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"दिवाळीपास्नं." ती चुलीपुढे बसून पीठ मळत होती. "सुवर्णाला उपाशी ठेवतीस म्हणून बोलले न्हवं का. रातभर रडली बिचारी. सकाळी सांगितलं तिनं समदं."

"मग पारड्यात बसून मला विचारलंस कशाला?"

तिनं पिठावर पाणी शिंपडलं.

"तू काय सांगतोस बगत हुते. म्हटलं, म्हणतोस का काय, तुज्या वाढण्यानंच झालं म्हणून." तिचा आवाज बारीक झाला. "घरात बाप न्हाई, पोराला कशाचं कमी पडतंय असं कुणी म्हणू नये म्हणून वाढत गेले रं. किती झालं ते कळालंच न्हाई. माप न्हवतं माज्याकडं."

मला रडू आलं. मी पन्नाशीचा, सरकारी नोकर, चुलीपुढे बसून हुंदके देऊन रडलो. सुवर्णा बाहेर निघून गेली. आई पीठ लागलेल्या हातानं माझे डोळे पुसायला आली, त्यामुळे ते जास्तच झोंबले.

"भाकरी किती टाकू?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"एक."

"एक? पावच खातोस की तू."

"पाव मी खाईन. राहिलेली तू खायची. माझ्यासमोर बसून."

"माजं झालंय."

"झालं नाही. मी पन्नास वर्षं ऐकतोय, झालंय म्हणून. एकदाही बघितलेलं नाही. माझ्यासमोर जेव."

ती भाकरी घेऊन बसली. लाजत, माझ्याकडे पाठ करून. मी तिला वळवून बसवलं आणि ती शेवटचा घास खाईपर्यंत हललो नाही. निघताना तिला गाडीत घालून कोल्हापूरला घेऊन आलो. चार दिवसांसाठी म्हणून आली, ती राहिली. रोज दोन्ही वेळा ती माझ्यासमोर जेवली. मी अर्धी वाढायचो आणि अख्खी निघायची.

पुढच्या पौषात तिला काट्यावर उभं केलं. ती डोळे मिटून उभी राहिली. सेहेचाळीस किलो दोनशे ग्रॅम. काटा माझ्या घरचा होता, मी स्वतः तपासलेला. मुदत संपायला अजून चार महिने होते.